मदत हवी आहे: 'फातिमा' नावाचा नेमका अर्थ काय, आणि दाखल्यावर ते कसं लिहावं?

धागाकर्ती:

नमस्कार. माझी मुलगी पावणेपाच महिन्यांची आहे. जन्माची नोंद झाली तेव्हा नाव ठरलं नव्हतं, त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे. घरात सगळे 'छोटी' म्हणतात.

मला तिचं नाव माझ्या दादीवरून ठेवायचं आहे. दादीनं मला वाढवलं. आम्ही मूळचे दापोलीकडचे, आता पनवेलला असतो. दादीचं नाव फातिमा, पण गावात सगळे 'फातमा' म्हणायचे. रेशनकार्डावर 'फातमाबी', मतदारयादीत 'फातीमा', आणि जमिनीच्या एका जुन्या कागदावर 'फातेमा'. ती गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ आली, तेव्हा या तीन नावांची बाई एकच हे सिद्ध करायला अब्बांना प्रतिज्ञापत्रं करत दीड वर्ष फिरावं लागलं. मुलीच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून आधीच विचारते आहे.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. सासूबाईंना नाव पसंत होतं. मग नणंदेनं नावांच्या एका साइटवर अर्थ वाचून दाखवला, 'दुधापासून तोडलेली'. तेव्हापासून त्या गप्प आहेत. त्यांचं म्हणणं, पैगंबरांच्या लेकीचं नाव आहे, त्याला नाव कोण ठेवणार, पण अंगावर पिणाऱ्या पोरीला 'तोडलेली' म्हणून हाक मारायला जीभ उचलत नाही. मला त्यांचं दुखणं समजतं. दुसऱ्या एका साइटवर अर्थ 'मोहक' असा दिला आहे. खरं कुठलं? आणि हे नाव आता जुनाट वाटतं का, तेही सांगा. माझ्या वयाच्या मैत्रिणींच्या मुली आयरा, इनाया, जोया आहेत.

प्रतिसाद १:

'मोहक' हाच अर्थ बरोबर असावा, मीही तसंच वाचलंय. छान नाव आहे, ठेवा बिनधास्त.

प्रतिसाद २:

'मोहक' हा अर्थ चुकीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं कॉलेजात अरबी शिकवली.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूतून घडतो. 'मोहक' हा अर्थ फ-त-न या धातूचा, त्यावरून फातिन, फातिना ही नावं होतात. फातिमाचा धातू फ-त-म, आणि यातला त म्हणजे उर्दूत 'त' साठी जी दोन अक्षरं आहेत त्यांतलं 'तोय', 'ते' नव्हे. या धातूचा अर्थ तोडणं, आणि रूढ अर्थ बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. आपणही मराठीत 'दूध तोडलं' असंच म्हणतो. मूळ कल्पना इतकी जुळते की वर्गात हा धातू समजावून सांगायला मला कधी वेळच लागला नाही.

आता तुमच्या सासूबाईंच्या मनातला सल. त्या साइटनं व्याकरण उलटं केलं आहे. ज्याचं दूध तोडलं त्या बाळाला अरबीत 'फतीम' म्हणतात. फातिमा हे त्या बाळाचं वर्णन नाही. आशिक आणि माशूक हे शब्द आठवा. आशिक म्हणजे प्रेम करणारा, माशूक म्हणजे ज्याच्यावर प्रेम केलं तो. जालीम आणि मजलूम तसंच. फातिमाची घडण आशिक, जालीम यांच्यासारखी आहे, म्हणजे कर्त्याची. दूध तोडणारी ती फातिमा. म्हणजे कोण? आई. जिनं बाळाला पाजून, सांभाळून, दूध सोडून भाकर खाण्याच्या वयापर्यंत आणलं ती. जुन्या अरबीत, जिचं पिल्लू दूध सोडण्याच्या वयाला आलं आहे अशा सांडणीलासुद्धा 'फातिम' म्हणत.

ज्या काळात कितीतरी मुलं पहिल्या दोन वर्षांतच दगावत, त्या काळात दूध सुटण्यापर्यंत पोचलेलं मूल म्हणजे तरलेलं मूल. कुराणात सूरा बकरामध्ये (आयत २३३) पूर्ण दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे, आणि आईबापांनी आपसांत सल्लामसलत करून, राजीखुशीनं दूध तोडलं तर हरकत नाही असंही तिथेच म्हटलं आहे. तिथला शब्द वेगळा आहे, 'फिसाल', पण गोष्ट हीच. त्यात हिरावून घेणं कुठेच नाही. मुलीला हे नाव देताना जुन्या अरबांच्या मनात काय असेल? माझ्या मते हेच, की ही मोठी होवो, हिची मुलं जगोत.

नाव इस्लामच्या आधीचं आहे. सहाव्या शतकातला कवी इम्रू अल् कैस याच्या प्रसिद्ध दीर्घ कवितेत कवी प्रियेला 'फातिम' अशी हाक मारतो. हाक मारताना नावाचा शेवट गाळायची लकब अरबांनाही होती. खुद्द पैगंबरांच्या घराण्यात इतक्या फातिमा होत्या की त्यांच्यासाठी 'फवातिम' असं अनेकवचन वापरलेलं हदीसमध्ये सापडतं. हजरत अलींच्या आईचं नाव फातिमा, पत्नीचंही फातिमा. पण आज जगभर हे नाव आहे ते पैगंबर आणि खदीजा यांच्या लेकीमुळे, हसन-हुसैन यांच्या आईमुळे. वडील गेल्यावर काही महिन्यांतच, त्याच ६३२ साली ती गेली.

धागाकर्ती:

सर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. हे मी दोनदा मोठ्यानं वाचलं. एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे एक बुजुर्ग म्हणाले, फातिमा म्हणजे 'जहन्नमच्या आगीपासून दूर ठेवलेली'. ते कुठून आलं?

प्रतिसाद २ (तेच):

तो अर्थ परंपरेतला, श्रद्धेचा आहे. धातू तोच, वेगळं करणं, दूर ठेवणं. अल्लाहनं तिला आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यांना आगीपासून दूर ठेवलं, म्हणून तिचं नाव फातिमा, अशा रिवायती, म्हणजे परंपरेनं चालत आलेली कथनं, आहेत, शिया परंपरेत तर विशेष. कोशातला अर्थ वेगळा आणि श्रद्धेनं दिलेला वेगळा, पण घरात दोन्ही सांगावेत. तिचे लकब, म्हणजे आदरानं दिलेले किताबही सुंदर आहेत, जहरा म्हणजे तेजस्वी, आणि बतूल म्हणजे ईश्वरभक्तीला वाहून घेतलेली. कैरोच्या अल्-अजहर मशिदीचं नाव या जहरावरूनच पडलं असं मानतात.

प्रतिसाद ३:

मी म्हापश्याची, कॅथलिक. हा धागा बघून राहवलं नाही. माझी थोरली मावशी फातिमा! गोव्यात हे नाव आमच्यातही आहे, आणि ते पोर्तुगालमधल्या फातिमा गावावरून आलं. तिथे १९१७ साली १३ मे ते १३ ऑक्टोबर या काळात लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन गुराखी मुलांना मारिया माउलीचं दर्शन झालं अशी आमची श्रद्धा. मावशीचा वाढदिवस १३ मेचा, म्हणून आजोबांनी तेच नाव ठेवलं. मुंबईत विद्याविहारला फातिमा हायस्कूल आहे, तेही याच माउलीच्या नावानं.

त्या गावाला हे नाव कसं मिळालं हे मला मोठी झाल्यावर कळलं. पोर्तुगालवर काही शतकं अरबी अंमल होता, नाव त्या काळाची खूण. फातिमा नावाची एक मूर (तिथल्या मुसलमानांपैकी) राजकन्या बाराव्या शतकात एका पोर्तुगीज सरदारानं पकडून आणली आणि पुढे ती त्याच्याच प्रेमात पडली, अशी दंतकथा तिथे सांगतात. कथा खरी असो नसो, नाव अरबीच. आमच्या मावशीच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं आणि त्यांचीही मुलगी फातिमा. एकीला हाक मारली की दोन्ही घरांतून ओ यायची.

आणि दूध तोडण्याबद्दल, बायबलमध्ये उत्पत्तीच्या पुस्तकात आहे की इसहाकचं दूध तोडलं त्या दिवशी अब्राहामनं मोठी मेजवानी दिली. तुमच्या सासूबाईंना हेही सांगा. तो सणाचा दिवस असायचा.

प्रतिसाद ४:

नोंदणीबद्दल सांगतो. नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागात होतो, आता निवृत्त.

घाबरू नका, तुम्ही वेळेत आहात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १४. नावाशिवाय नोंद झाली असेल तर नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं, पण तिथवर जाऊच नका. ज्या कार्यालयात नोंद झाली तिथेच अर्ज करा, मूळ दाखला आणि आईवडिलांचे ओळखपत्र सोबत न्या.

तुमची काळजी रास्त आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, लग्नाची नोंद या सगळ्याला जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा. म्हणजे दाखल्यावर जे पडेल ते जन्मभर. एकदा घातलेलं नाव नंतर हौसेनं बदलत नाहीत. कलम १५ प्रमाणे चूक दुरुस्त होते, पण त्याला पुरावे लागतात, आणि मूळ नोंद खोडत नाहीत, समासात नवी करतात.

म्हणून दाखला छापण्याआधी मजकूर दाखवायला सांगा. मराठीत 'ति' या अक्षराची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे बोट ठेवून तपासा. 'फातिमा' आणि 'फातीमा' यात टंकलेखकाला फरक दिसत नाही, पुढे छाननी करणाऱ्याला दिसतो. इंग्रजी स्पेलिंग घरी कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. माझ्या टेबलावर निम्मे घोटाळे तोंडी सांगण्यातून झाले.

प्रतिसाद ५:

पुण्याची बोहरी. आमच्यात 'फातेमा' लिहितात आणि तसंच बोलतात. इराणात तर नाव 'फातेमे' असंच उच्चारतात, आणि तिथे ते बायकांच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या नावांपैकी एक आहे. बंगालीतही फातेमाच. तेव्हा तुमच्या दादीच्या जमिनीच्या कागदावरचं रूप चूक नव्हतं, फक्त दुसरं होतं. आम्हाला या नावाचा विशेष जिव्हाळा, कारण आमची परंपरा फातिमी खलिफांकडे जाते. ९०९ साली उत्तर आफ्रिकेत त्यांचं राज्य सुरू झालं, त्यांनीच ९६९ मध्ये कैरो वसवलं, आणि ११७१ पर्यंत ते टिकलं. एका स्त्रीच्या नावानं ओळखलं गेलेलं एवढं मोठं राज्य मला तरी दुसरं आठवत नाही.

प्रतिसाद २ (तेच):

वरच्या ताईंचं अगदी बरोबर. जिथे गेलं तिथलं होऊन राहिलं असं हे नाव आहे. तुर्कस्तानात फातमा, आणि तिथे बायकांमध्ये सगळ्यात जास्त हेच नाव. सोमालियात फादुमो, स्वाहिलीत फातुमा, पश्चिम आफ्रिकेत फातुमाता आणि लाडानं फातू. केरळात इंग्रजीत टी-एच घालून लिहितात, कारण दक्षिणेत 'त' साठी टी-एच ही रीत. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झालेल्या फातिमा बीवी यांचं नाव तसंच लिहिलं जाई. तुमच्या गावचं 'फातमा' म्हणूनच अशुद्ध नाही. मधला इकार बोलण्यात गळतो, तुर्कांचा गळला, मिसरच्या लोकांचा गळतो, दापोलीकरांचाही गळला.

लेखी मात्र माझं मत स्पष्ट आहे: मराठीत फातिमा, ऱ्हस्व वेलांटी, कारण अरबीतला तो स्वर ऱ्हस्वच आहे. इंग्रजीत एफ-ए-टी-आय-एम-ए, सहा अक्षरं. बी, बानू, बेगम काही जोडू नका. उर्दूत आमंत्रण छापणार असाल तर 'तोय'च घाला.

जुनाट का, हे विचारलंत. चौदाशे वर्षं हे नाव चलनातून गेलेलंच नाही, त्यामुळे ते एखाद्या दशकाचं नाव वाटत नाही. आणि महाराष्ट्रात या नावाला आणखी एक ओळख आहे. १० ऑक्टोबर १८५६ ला सावित्रीबाईंनी माहेरी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाची, म्हणजे त्यांच्या शाळेतल्या सहकारी फातिमा शेख यांची, आठवण काढली आहे. आपण आजारी असल्यानं तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचं ते वाक्य आहे.

धागाकर्ती:

आज सकाळी अर्ज देऊन आले. मराठीत फातिमा, ऱ्हस्व, आणि इंग्रजी सहा अक्षरं, कागदावर लिहून. तिथल्या बाईंनी पडद्यावर दाखवलं, मी बोट ठेवून तपासलं.

काल रात्री सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. आशिक-माशूकचं त्यांना लगेच पटलं. इसहाकच्या मेजवानीजवळ त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, यांचं (माझ्या नवऱ्याचं) दूध तोडलं तेव्हा मी कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता, तीन रात्री तो रडला, तीन रात्री मी रडले, चौथ्या दिवशी स्वतःच्या हातानं त्यानं पेजेची वाटी ओढली. त्याच्या आधीचे माझे दोघे पेजेपर्यंत पोचलेच नव्हते.

हे मला लग्नाला सहा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मग त्यांनी छोटीला मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा नावानं हाक मारली. 'फातमा' म्हणाल्या, गावच्यासारखं, इकार गाळून.