साभार परत आलेली गोष्ट आणि तुमचे कथा लिहितानाचे अनुभव

कपाट आवरताना एक खाकी पाकीट सापडलं. 1998 साली एका मासिकाला पाठवलेली माझी पहिली कथा, वर "साभार परत"ची छापील चिठ्ठी. तेव्हा इतकं लागलं होतं की चिठ्ठी बघून पाकीट तसंच आत कोंबलं, पानं उलटलीच नाहीत. आज उलटली. अकरा पानांपैकी सातव्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलंय, "कथा इथे संपली." म्हणजे कुणीतरी नीट वाचली होती हो! आणि बरोबर आहे त्यांचं, पुढची चार पानं नायिकेला काय वाटलं तेच समजावत बसलेय मी. इतकी वर्षं धरून चालले होते की कुणी वाचलीच नसणार, त्यात लिहिणंही सुटलं. तुमचं सांगा ना, अडलेलं, जमलेलं, सगळं.

---

अगं काटा आला अंगावर. परतीचं तिकीट लावून स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट आपणच जोडायचो ना, त्यामुळे दारात आपल्याच अक्षरातलं पाकीट दिसलं की न उघडताच कळायचं 😔

---

माझ्याकडे चौदा सुरुवाती आहेत. शेवट एकाचाही नाही. बाळ उठलं, नंतर लिहिते

---

@चौदा सुरुवाती, धीर सोडू नकोस. हेमिंग्वेने 1958च्या मुलाखतीत सांगितलंय की एका कादंबरीचं शेवटचं पान त्याने 39 वेळा लिहिलं. अडत काय होतं विचारलं तर म्हणाला, शब्द नीट लागत नव्हते, बस. मी स्वतः मोठ्याने वाचते, संवाद तर नक्कीच, जीभ अडखळली की समजायचं हे वाक्य त्या पात्राचं नाही, माझं आहे.

---

दोन बहिणींच्या अबोल्यावर लिहिली होती. नावं बदलली, वय बदललं, नोकरी बदलली पण एक सवय राहिली, मोठी चिडली की घडी केलेले कपडे मोडून परत घड्या घालते. मावशीने बरोबर ओळखलं. दोन महिने फोन नाही, माझी झोप उडाली, वाटलं आपण कुणाचं तरी घरातलं उघड्यावर मांडलं, परत लिहायलाच नको. मग एका रात्री फोन आला, "त्या धाकटीला शेवटी मोठीकडे जायला लाव की गं." धाकटी म्हणजे माझी आई. गोष्टीचा शेवट मी नाही बदलला. आईला वाचायला दिली फक्त.

---

मग??? गेली का आई?

---

गेली. चार दिवस राहून आली 🙂

---

विषयांतर, पण फोनवर "दुसऱ्या" मधला तो र कसा काढता? माझा रफारच होतो

---

र दाबून धर, खाली टिंब असलेला ऱ येईल, मग हलन्त, मग य.

---

दुसऱ्या दुसऱ्या दुसऱ्या. आला! सुटले एकदाची, थँक्यू

---

मी लिहीत नाही, वाचते फक्त. ताई, ती सात पानं इथे टाका ना प्लीज.

---

धागा मीच काढलाय, उशिरा आले. टाइप करायला घेतलीये. पहिल्या दोन पानांतच "एकदम" नऊ वेळा आलंय, काढत बसलेय.

---

एखादं राहू दे गं, 1998चं आहे ते.