स्पीडटेस्ट चांगला येतो, पण रात्री व्हिडिओ अडकतो, नक्की बघू कुठे?

वाडीतला_वायरमन:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात छोटं फायबर नेटवर्क चालवतो. हल्ली रात्रीचे आठ वाजले की फोन सुरू, "दादा, मॅच अडाकता, नुसती चकरी फिरता". घरी जाऊन स्पीडटेस्ट लावला की 100 एमबीपीएसच्या प्लॅनला 95 दिसतात, ओएनटीवर (घरातला फायबरचा डबा) प्रकाशाची पॉवर -22 डीबीएमच्या आसपास म्हणजे लाइन ठीकच, दिवसा तर कुणाची तक्रारच नाही. अपस्ट्रीमवाला, म्हणजे ज्याच्याकडून मी नेट घेतो तो, म्हणतो आमच्याकडे सगळं ओके. पण लोक पैसे भरतात आणि त्यांना बघायला मिळत नाही हे मला पटत नाही. सुरुवात कुठून करू?

चिऱ्याचं_घर:
आधी वायफाय बघा. आपल्याकडे जांभ्याच्या भिंती जाडजूड, राउटर पडवीत आणि टीव्ही माजघरात, मग वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा वेगवान बँड तिथवर पोचतच नाही आणि टीव्ही 2.4 वर रडत बसतो. तुम्ही टेस्ट राउटरशेजारी उभं राहून करत असाल तर ती टीव्हीची टेस्ट नव्हेच. टीव्हीला लॅन केबल लावा आणि रात्रीच बघा.

बफर_बघणारी:
दादा, स्पीडटेस्टवर विसंबू नका. तो एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडतो आणि बहुतेकदा सगळ्यात जवळचा सर्व्हर पकडतो, कधीकधी तर तो अपस्ट्रीमच्याच नेटवर्कात असतो. व्हिडिओ येतो सीडीएनवरून (व्हिडिओच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारे सर्व्हर), त्याची वाट वेगळी, आणि रात्री तीच वाट तुंबलेली असू शकते.

टीव्हीवर यूट्यूब लावून सेटिंगमधून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" चालू करा, तिथे बफर हेल्थ सेकंदांत दिसतं. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्लेअर पुढचे तुकडे साठवून ठेवतो, नेट मंदावलं की तो आधी क्वालिटी उतरवतो आणि तरी साठा संपला की चकरी. म्हणजे बफर शून्यावर जाऊन अडकलं तर दोष वाटेत आहे. बफर भरलेलं असूनही चित्र झटके खातंय आणि ड्रॉप्ड फ्रेम्स वाढतायत, तर टीव्हीच्या चिपला ते झेपत नाहीये, तुमच्या फायबरचा काही संबंध नाही. 1080p ला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, 95 चं काय घेऊन बसलात!

आणखी एक, फक्त एकच अ‍ॅप अडकतं की सगळी? एकच असेल तर डीएनएसही (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) तपासा. काही सीडीएन डीएनएस कुठून विचारतंय त्यावरून सर्व्हर ठरवतात, कुणी राउटरमध्ये भलताच डीएनएस टाकला असेल तर मुंबईऐवजी लांबून तुकडे यायला लागतात. फास्ट डॉट कॉमपण लावा, ती टेस्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून होते.

वाडीतला_वायरमन:
ताई, काल रात्री केबल लावून बघितलं. बफर चाळीस सेकंदांवरून घसरत शून्य, ड्रॉप्ड फ्रेम्स एकही नाही. फास्ट डॉट कॉमवर 6 आणि त्याच वेळी स्पीडटेस्टवर 90 च्या वर! शेजारच्या घरात मात्र उलटं, बफर भरलेलं आणि टीव्ही जुना, त्यांना तसं सांगून आलो.

बफर_बघणारी:
मग अपस्ट्रीमकडे आकडे घेऊनच जा, नुसतं "स्लो आहे" म्हटलं की ते स्पीडटेस्टच दाखवणार. दुपारचा आणि रात्रीचा एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक राउटरपर्यंतचा वेळ आणि गळती दाखवणारं टूल) त्याच सर्व्हरपर्यंत काढा. मधल्याच एका हॉपवर, म्हणजे वाटेतल्या एका राउटरवर, लॉस (पॅकेटची गळती) दिसला तर त्यावरून भांडू नका, बरेच राउटर पिंगला मुद्दाम कमी उत्तरं देतात, लॉस तिथून शेवटपर्यंत टिकला तरच खरा. आणि तुमच्या अपलिंक पोर्टचा (जिथून तुमचं नेटवर्क त्यांना जोडलंय तो) वापराचा आलेख मागा, त्यांच्या सीडीएनकडच्या लिंकचासुद्धा. रात्री आठ ते अकरा रेघ सड्यासारखी सपाट दिसली की लिंक भरली म्हणून समजा.

चिऱ्याचं_घर:
आणि हे गणपतीच्या आधी उरका दादा. चाकरमानी आले की घरटी चार मोबाईल वाढतात, तेव्हा त्या लिंकवर काहीच उरणार नाही.