झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडायला बारा व्होल्ट

नाना_लॅचवाले:
काल वेगवान_वरद यांनी लिहिलं, "स्पोर्ट्‌स कारच्या सपाट हँडलवर रडणारे बहुतेक जण त्या गाडीत कधी बसलेलेच नसतात. ज्यांना कडीकोयंडा हवा त्यांनी छोटा हत्ती घ्यावा."

बसलो नाही, कबूल. पण २२ वर्षं चाकणला दारांचे लॅच (दार बंद धरून ठेवणारी कडी) आणि हँडलं जुळवण्यात गेली, आणि बसण्याआधी दार उघडावं लागतं एवढं मलाही कळतं.

सपाट हँडलशी, म्हणजे दाराच्या पत्र्यात बुडून बसणाऱ्या हँडलशी, माझं वैर नाही. १९५४ च्या मर्सिडीझ ३००एसएलचं हँडल सपाटच होतं. एका टोकाला अंगठ्याने दाबा, दुसरं टोक वर येतं, धरा आणि ओढा. निसान जीटी-आर आर३५ चंही तेच. एक खीळ, एक स्प्रिंग, एक दांडी. वीज लागतच नाही.

आता त्याच जागी काय बसवतात बघा. हँडल बाहेर ढकलायला मोटर, गिअर, मायक्रोस्विच (चिमुकलं बटण), आणि दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणारी वायर, जी दार उघडताना दर वेळी वाकते. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसपासून ही फॅशन घरोघर गेली, आणि त्याच गाडीच्या पहिल्या पिढीतल्या हँडलांचे मायक्रोस्विच आणि वायरी तुटण्यावर किती पानं लिहिली गेलीत ते वरदरावांनी शोधावं. आम्ही नमुन्याचं हँडल चाचणीला लावायचो तेव्हा पहिली मरायची ती वायर. मोटर बिचारी शेवटपर्यंत घरघरत असायची.

आणि इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. हँडल बाहेर येणं ही एक, लॅच सुटणं ही दुसरी. हँडल आलं नाही तर चिडचिड होते. लॅच विजेवर असेल आणि वीज गेली तर तुम्ही आत अडकता. मला बोलायचंय ते या दुसऱ्याबद्दल.

वेगवान_वरद:
नाना, १९५४ आणलंत, बैलगाडी राहिली. विजेचं दार अडकलं तर आत हाताने ओढायचा लिव्हर असतोच. मॅन्युअल वाचा. लोक चाळीस लाखांची गाडी घेतात आणि चार पानं वाचत नाहीत, यात हँडलचा काय दोष? शिवाय हवेचा रोध कमी होतो, इलेक्ट्रिक गाडीची रेंज वाढते. आणि दिसतं किती देखणं! स्पोर्ट्‌स कार लोक डोळ्यांनी घेतात.

ट्रॉयकर:
मिशिगनहून लिहितोय, तेव्हा देखणेपणाबद्दल दोन शब्द. जानेवारीत आधी पाऊस, मग रात्रीत उणे पंधरा. सकाळी गाडीवर काचेसारखा थर. (गाडीचं नाव घेत नाही, घरात शांतता हवी.) रिमोट दाबला. हँडल आतून ढकलतंय, बर्फ सोडत नाही, मोटर कुईकुई करतेय. शेवटी मनगटाने दारावर गुद्दे घातले. शेजारचे काका खिडकीतून बघत होते, त्यांना वाटलं बायकोने घराबाहेर काढलं. जुन्या हँडलला निदान बोटं अडकवून झटका देता येतो. याला कुठे धरणार?

रेंजचं म्हणाल तर आरसे, चाकं आणि गाडीचं पोट यांच्यापुढे हँडल म्हणजे हत्तीपुढे उंदीर.

कोथरूडची_काकू:
मला गाड्यांतलं कळत नाही, पण हँडलने माझा शालू फाडलाय, म्हणून लिहिते. पुतण्याची नवी दोन सीटची गाडी, लग्नाहून परतताना मी पुढे बसणार. हँडल बाहेर आलं, मी धरलं, तेवढ्यात त्याने किल्ली खिशात घालताना काय दाबलं देव जाणे, हँडल परत आत. पदराचं टोक घेऊन! मी दाराला बांधलेली, मागून बँडवाले बघतायत. पुतण्या म्हणतो, "काकू, सेन्सर आहे, आपोआप सुटेल." सुटलं नाही. जरीचा दोन बोटं तुकडा गेला. पुढच्या महिन्यात ते हँडल अर्धंच बाहेर यायला लागलं, जीभ काढल्यासारखं, आणि बदलायचा आकडा ऐकून पुतण्या दोन दिवस जेवला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते यालाच का हो?

वेगवान_वरद:
काकू, शालूबद्दल वाईट वाटलं. पण एका शालूवरून अख्खं तंत्रज्ञान मोडीत काढायचं का? पदर तर सायकलच्या चाकातही जातो.

नाना_लॅचवाले:
शालू सोडा. मॅन्युअल वाचा म्हणालात ना, तर शेव्हरोलेची कॉर्व्हेट घ्या, स्पोर्ट्‌स कारच आहे. २००५ च्या सी६ पासून, म्हणजे सहाव्या पिढीपासून, आत ओढायचं हँडल नाही, बटण आहे. २०१५ च्या जूनमध्ये टेक्सासमध्ये पोर्ट आर्थरला ७२ वर्षांचा एक माणूस आणि त्याचा कुत्रा २००७ च्या कॉर्व्हेटमध्ये उकाड्याने गेले. बॅटरीची केबल सुटली होती, बटण मेलं होतं. हाताने ओढायचा लिव्हर होता की! सीटच्या शेजारी, खाली, जमिनीवर. मॅन्युअलमध्ये छापलेला. गाडी त्याचीच, आणि अक्कल कमी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाहेरून उघडायचं तर त्याच गाडीत किल्लीचं भोक नंबरप्लेटच्या वर आहे. तिथून डिकी उघडा, आत हात घालून केबल ओढा, मग चालकाचं दार सुटतं. ज्याला हे माहीत आहे तो उघडेल. रस्त्यावरून धावत आलेल्या माणसाला कोण सांगणार?

सावध_सावंत:
एवढी चर्चा कशाला? सीटचं हेडरेस्ट काढा, त्याच्या टोकदार दांड्या काच फोडण्यासाठीच दिलेल्या असतात. जपानमध्ये शिकवतात. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे.

ट्रॉयकर:
आला फॉरवर्ड! सावंत, हेडरेस्ट निघतं ते उंची कमीजास्त करायला. काच फोडण्यासाठी कुणी दिलेलं नाही. आणि कित्येक स्पोर्ट्‌स सीटांचं हेडरेस्ट सीटमध्येच शिवलेलं असतं, निघतच नाही. काय उपटणार?

सावध_सावंत:
भाषा सांभाळा. फुटते की नाही ते सांगा. मी स्वतः भंगारच्या गाडीवर करून बघितलंय. दांडी काचेच्या फटीत घालून ओढली, खळ्‌कन फुटली.

नाना_लॅचवाले:
फुटली कारण ती टेम्पर्ड होती, म्हणजे तापवून कडक केलेली, फुटली की बारीक दाणे होणारी. आता आवाज कमी यावा म्हणून बाजूलाही लॅमिनेटेड काच देतात, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेने काच फोडायची सहा अवजारं तपासली. टेम्पर्ड काच चार अवजारांनी फोडली. लॅमिनेटेड एकानेही नाही.

कोथरूडची_काकू:
आमच्या गाडीला ऊन लागतं म्हणून फिल्म लावलीय. ती पण काच धरून ठेवते का?

ट्रॉयकर:
ठेवते, काकू. तडे जातात, पण काच जागची हलत नाही.

रिक्षातून_बघणारा:
काकू, फिल्मवर दंड बसेल. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली. मला दोनदा अडवलं, एकदा तर गाडी माझी नव्हतीच! आणि ज्यांच्या काचा काळ्याकुट्ट असतात त्यांना कोण अडवतं ते सांगा एकदा…

कोथरूडची_काकू:
आमची काळी नाही हो, पारदर्शक आहे. दुकानदार म्हणाला चालते.

रिक्षातून_बघणारा:
दुकानदार पावती फाडताना येतो का चौकात?

सावध_सावंत:
माझा मुद्दा कुणीच खोडला नाही. टेम्पर्ड असेल तर हेडरेस्ट चालतं. चालतं ना?

नाना_लॅचवाले:
चालतं, सावंत. बाजूची काच टेम्पर्ड असेल, हेडरेस्ट निघत असेल, दोन हात मोकळे असतील आणि गाडी पाण्यात नसेल तर चालतं. झालं समाधान?

सावध_सावंत:
झालं. एवढंच आधी म्हणायचं होतं.

वेगवान_वरद:
चर्चा हँडलवर होती म्हणे. नाना, तुमची कॉर्व्हेटची गोष्ट दुःखद आहे, पण जुनी. आताच्या गाड्यांत व्होल्टेज पडलं तर लॅचसाठी राखीव वीज ठेवतात.

नाना_लॅचवाले:
काहींत ठेवतात, सगळ्यांत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने २०२१ च्या टेस्ला मॉडेल वाय ची चौकशी सुरू केली, सुमारे १,७४,००० गाड्या. पोर मागच्या सीटवर, आईबाप बाहेर, १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली, हँडल मेलेलं. काहींनी काचा फोडून पोरं काढली. पोटाखाली शेकडो व्होल्टची बॅटरी ठणठणीत, आणि दार अडलं स्कूटरएवढ्या बॅटरीपायी! त्याच वर्षी फोर्डने मस्टँग माक-ई च्या जवळपास दोन लाख गाड्या याच कारणाने परत बोलावल्या. ती स्पोर्ट्‌स कार नाही हे मला माहीत आहे, नाव तेवढं घोड्याचं.

आणि चीन. तिथेच या हँडलांचं सगळ्यात जास्त पेव फुटलं, आणि तिथेच १ जानेवारी २०२७ पासून नव्या गाड्यांच्या दारांना आत आणि बाहेर दोन्हीकडे विजेशिवाय चालणारी सोय सक्तीची. बाहेर हात घालायला जागा हवी, हेही नियमात आहे. बैलगाडीकडे परत चाललेत बिचारे.

ट्रॉयकर:
एक बाजू वरदची घेतो, उगाच त्याला कोपऱ्यात घातलाय. विजेचा लॅच मुळात वाईट नाही. लेक्ससच्या काही गाड्यांत आतून एकच हँडल आहे. दाबलं की विजेने उघडतं, दोनदा ओढलं की हाताने. घाबरलेला माणूस काय करतो? तेच हँडल खसाखसा ओढतो. झालं, सुटला. लिव्हर वेगळ्या जागी लपवायची गरजच काय?

वेगवान_वरद:
ठीक. माझ्याकडे जी गाडी आहे (नाव नाही सांगणार, नाहीतर उद्या सगळे त्यावर बसतील) तिचा लिव्हर शोधायला रात्री पार्किंगमध्ये गेलो. चालकाचा सापडला, दहा सेकंदांत. मागचा शोधताना मोबाइलचा टॉर्च लावून दाराच्या खालच्या खणात हात घातला. रबरी मॅट, तिच्याखाली प्लॅस्टिकचं झाकण, झाकणाखाली दोरी. झाकण नखाने निघेना, किल्लीने उचकटलं. चार मिनिटं. आणि मी शांत होतो, दार उघडं होतं.

तर लिव्हरबद्दल नाना बरोबर. खुश? हँडलबद्दल नाही. ते देखणंच आहे.

नाना_लॅचवाले:
देखणं आहेच. मी कधी नाही म्हटलं? ३००एसएलचंही आहे.

कोथरूडची_काकू:
वरद, मागच्या सीटवर तुझी आई बसते ना? तिला दाखव ती दोरी. आणि झाकण परत लावू नकोस.

वेगवान_वरद:
काकू, झाकण तुटलंय. उचकटताना.

सावध_सावंत:
हेडरेस्ट निघतं का तुझ्या गाडीचं?