'हाड वाढलंय': ऑस्टिओफाइटला मराठीत काय म्हणावं?

कॉलेजरोडची लेक:
आईच्या गुडघ्याच्या एक्सरे रिपोर्टमध्ये 'मार्जिनल ऑस्टिओफाइट्स' लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, "हाड वाढलंय, पण घासलीय फक्त आतली बाजू. अर्धा गुडघा बदलून भागेल." आईने 'हाड वाढलंय' तेवढंच धरलं. पंचवटीतल्या मावशीला फोनवर सांगतेय, "परत वाढणारच, तर अर्ध्यावर कशाला थांबायचं? दोन्ही वाट्याच बदलते." आईला पटेल असा शब्द सुचवा.

गोदाकाठ:
अस्थिकंटक?

देवळाली फिजिओ:
'कंटक' म्हटलं की आई आधी काटा उपटायला सांगतील! टाचेला चालेल एक वेळ. गुडघ्यात कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत, मऊ आवरण) झिजली की सांध्याच्या कडेला नवं हाड धरतं आणि ओठासारखं पुढे येतं, म्हणून रिपोर्टमध्ये 'लिपिंग'ही लिहितात. मी पेशंटला 'कडेचा कंगोरा' म्हणतो.

पण ताई, कंगोरा आहे का यापेक्षा कुठे आहे ते विचारा. आतल्या कडेचा असेल तर तो आतलं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) ताणून धरतो. सर्जनने तो काढला की लिगामेंट मूळ लांबीवर येतं आणि धनुष्यासारखा वाकलेला पाय बराचसा सरळ होतो, लिगामेंट कापून सैल करावं लागत नाही. मधल्या खाचेतला कंगोरा क्रुसिएटवर, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटवर घासतो, तोही काढतात. मागचा राहून गेला तर गुडघा वाकवताना अडतो. बाहेरच्या कडेला कंगोरा दिसला एवढ्यावरून मात्र अर्धा गुडघा बाद होत नाही. तिथली कूर्चा पूर्ण जाडीची आहे ना, ते ताण देऊन काढलेल्या एक्सरेत बघतात.

पुढे त्रास झालाच तर बाहेरच्या बाजूची कूर्चा झिजणं हे त्याचं एक मुख्य कारण असतं, कंगोरा नाही. तेव्हा पूर्ण गुडघा बदलता येतो.

सातपूरकर:
वजनाचं काय? आमच्या काकांना ८२ किलोच्या वर अर्धा गुडघा नाही म्हणाले.

देवळाली फिजिओ:
तो १९८९चा निकष. वय ६०च्या वर, वजन ८२च्या आत. आता बरेच सर्जन तो तितका काटेकोर धरत नाहीत.

कॉलेजरोडची लेक:
वाचून दाखवलं. 'कंगोरा' पसंत पडला. आता विचारतेय, वाटी काढतात की नाही?

देवळाली फिजिओ:
नाही. आतल्या बाजूच्या अर्ध्या गुडघ्यात वाटी जागच्या जागी राहते. 'वाट्या बदलल्या' हे आपलं बोलण्यातलं. मावशींनाही सांगा.