शब्दचर्चा : प्रोबेट, रेलिक्ट, इन्फंट, पेटंट... व्हर्जिनियाच्या जुन्या कागदांतले शब्द मराठीत कसे आणावेत?

कोपराखूण :
इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत आलेल्या एका वसाहतकऱ्याच्या घराण्याचा माग जमिनीच्या आणि वारशाच्या कागदांतून कसा काढतात, यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. काळ साधारण १६५० ते १७७५. अडलेले शब्द : प्रोबेट, ॲडमिनिस्ट्रेटर, रेलिक्ट, इन्फंट, ऑर्फन, सन-इन-लॉ, कझिन, पेटंट, हेडराइट, क्विट-रेंट, लीज अँड रिलीज. कोशातले प्रतिशब्द पाहिले आहेत. पण ते त्या काळच्या अर्थाला पुरतात का, हा प्रश्न आहे.

दप्तरी :
पुरत नाहीत. काही तर थेट चुकीच्या माणसाला बाप ठरवतात.

प्रोबेटपासून सुरू करू. मूळ लॅटिन धातू ‘सिद्ध करणे’ या अर्थाचा. आपल्या जुन्या कोर्टमराठीत त्याला नेमका शब्द आहे, ‘शाबीत’. मृत्युपत्र लिहिलं एका दिवशी, साक्षीदारांनी कोर्टात शपथेवर ते शाबीत केलं दुसऱ्या दिवशी. या दोन तारखांच्या मध्ये मृत्यू. म्हणून ‘मृत्युपत्र नोंदवले’ लिहू नका, ‘शाबीत झाले’ लिहा. काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोर्ट सहसा महिन्यातून एकदा भरे, त्यामुळे शाबितीची तारीख मृत्यूच्या बरीच जवळ असते.

मृत्युपत्रात नेमलेला तो एक्झिक्युटर, मृत्युपत्र नसताना कोर्टाने नेमलेला तो ॲडमिनिस्ट्रेटर. मराठीत दोघांनाही ‘व्यवस्थापक’ म्हणून मोकळं होतात आणि मृत्युपत्र होतं की नव्हतं ही सगळ्यात मोलाची माहिती तिथेच सांडते. ‘मृत्युपत्राचा व्यवस्थापक’ आणि ‘कोर्टनियुक्त व्यवस्थापक’ असं वेगळं ठेवा. मात्र एक तिसरा प्रकारही आहे : मृत्युपत्र आहे, पण त्यात नेमलेला माणूस मेलाय किंवा नकार देतोय, म्हणून कोर्टाने दुसरा नेमला. त्याला कागदात ‘मृत्युपत्र जोडून’ अशी पुस्ती असते. ती वगळू नका.

मोडीवाचक :
नात्यांचे शब्द हा खरा खड्डा. इंग्रजीत तेव्हा ढिलाई होती आणि मराठी ढिलाई सोसत नाही. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेल किंवा सावत्र मुलगा. ‘कझिन’ बऱ्याचदा पुतण्या किंवा भाचा निघतो, चुलतभाऊ नव्हे. ‘ब्रदर’ मेहुणा किंवा साडूसुद्धा असतो. तुम्ही ‘जावई’ लिहिलंत की वाचणारा लगेच मुलगी शोधायला लागतो आणि नसलेली मुलगी वंशावळीत जन्माला येते. दुसऱ्या कागदाने नातं ठरेपर्यंत इंग्रजी शब्दच देवनागरीत अवतरणात ठेवा.

सीनियर-ज्युनियरचंही तेच. ते बापलेक असलेच पाहिजेत असं नाही. एका काउंटीत एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर, आणि तो वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो. आपल्याला हे कळायला हरकत नसावी : थोरले माधवराव आणि सवाई माधवराव हे काका-पुतणे.

‘रेलिक्ट’ म्हणजे नवऱ्यामागे राहिलेली, विधवा. ‘कॉन्सॉर्ट’ म्हणजे नवरा हयात असताना गेलेली. थडग्याच्या दगडावर हा फरक मोलाचा. आपला ‘कोम’ इथे चालणार नाही, तो फक्त ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगतो.

कोपराखूण :
‘इन्फंट’ला ‘तान्हा’ नको हे कळतंय. ‘अल्पवयीन’ करू?

दप्तरी :
‘अज्ञान’ करा. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता आजही दिसतो. २१ वर्षं पूर्ण न झालेला कोणीही इन्फंट. वीस वर्षांचा, मिशी फुटलेला गडीसुद्धा.

मोडीवाचक :
असहमत. आजचा वाचक ‘अज्ञान मुलगा’ वाचून अडाणी समजेल. शिवाय आपल्याकडची मर्यादा १८, तिथली २१. ‘२१ वर्षांखालील’ असं सरळ लिहिलं तर हिशेबही सोपा. कारण १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला कोर्टात स्वतः पालक निवडता येई, त्याहून लहान असेल तर कोर्ट नेमे. म्हणजे ‘अमक्याने पालक निवडला’ एवढी नोंद मिळाली तरी तो त्या दिवशी १४ ते २१ मधला. अशा दोन-तीन भावंडांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या की जन्माचा क्रम लागतो. चर्चची पुस्तकं नसली तरीही.

दप्तरी :
बरं, ‘२१ वर्षांखालील’ मान्य. पण ‘ऑर्फन’ला ‘अनाथ’ लिहू देणार नाही. बाप गेला की मूल ऑर्फन. आई जिवंत असते, पुष्कळदा तिने दुसरं लग्नही केलेलं असतं. ‘पितृहीन’ लिहा, नाहीतर आईला उगाच मारून टाकाल.

साखळीआणे :
जमिनीकडे येतो. पेटंट म्हटलं की आज लोकांना यंत्राचा शोध आठवतो. इथे ‘सनद’ चपखल. राजाच्या नावाने जमीन पहिल्यांदा खासगी हातात गेली तो कागद. रॅपहॅनॉक आणि पोटोमॅक नद्यांमधल्या नॉर्दर्न नेक भागात मात्र सनद राजाची नव्हे, जहागीरदाराची, शेवटी फेअरफॅक्स घराण्याची. त्यांची पुस्तकं वेगळी. एका पुस्तकात नाव नाही म्हणून माणूस नव्हता असं ठरवणारे इथेच घसरतात. आणि सनदेत जमिनीला ‘ओसाड’ म्हटलेलं असतं ते तुमच्या वाक्यात जसंच्या तसं उतरवू नका. पोव्हॅटन आणि इतर मूळ लोक तिथे राहत होते.

हेडराइटला ‘डोईहक्क’ सुचवतो, डोईपट्टीच्या धर्तीवर. १६१८ पासूनची पद्धत : स्वखर्चाने एक माणूस वसाहतीत आणला की ५० एकरांचा हक्क. क्रम असा : काउंटी कोर्टातून दाखला, तो सेक्रेटरीच्या कचेरीत, मग मोजणीदाराकडून मोजणी, मग सनद. यातल्या कुठल्याही पायरीवर हक्क विकता येई. म्हणून तीन गोष्टी गृहीत धरू नयेत. सनदेची तारीख ही आगमनाची तारीख नव्हे, मध्ये कित्येक वर्षं गेलेली असू शकतात. सनद घेणाऱ्यानेच त्या माणसांना आणलं असं नाही. आणि यादीतली नावं नेहमी नवी नसतात. एकच माणूस दोन-तीनदा मोजलेला असतो, कधी फिरून आलेला खलाशीसुद्धा. सनद मिळाल्यावर तीन वर्षांत घर बांधून थोडी लागवड केली नाही तर जमीन जाई. त्यामुळे त्याच तुकड्याची काही वर्षांनी दुसऱ्याच्या नावाने सनद दिसली तर आधी ही अट तपासा, नातं नंतर.

क्विट-रेंटला आपल्याकडे तयार शब्द आहे : ‘जुडी’. इनाम जमिनीवरची हलकी आकारणी. व्हर्जिनियात ५० एकरांना वर्षाला १ शिलिंग. १७०४ ची जमीनधारकांची यादी याच वसुलीतून आली. तिच्यात नॉर्दर्न नेक नाही, हे पुन्हा लक्षात ठेवा.

मोडीवाचक :
‘जुडी’ गोड आहे, पण आज किती जणांना कळेल? पहिल्यांदा ‘क्विट-रेंट म्हणजे जुडीसारखा नाममात्र सारा’ आणि पुढे नुसतं ‘जुडी’, असं करा.

साखळीआणे :
चालेल. मोजमापात मराठी वाचकाला घरचीच सोय आहे. तिथली लांबी ‘पोल’मध्ये, १ पोल १६.५ फूट. दोन पोल म्हणजे ३३ फूट, म्हणजे आपली जुनी मोजणीची साखळी. २ × २ पोलांचा चौरस म्हणजे बरोबर १ गुंठा. १६० चौरस पोल = १ एकर = ४० गुंठे. तेव्हा ‘३२० पोल लांब, १०० पोल रुंद’ वाचलं की भागाकार करा : ३२,००० भागिले १६०, २०० एकर.

‘मीट्स अँड बाउंड्स’ला, म्हणजे कागदातल्या जमिनीच्या हद्दीच्या वर्णनाला, ‘चतुःसीमा’ लिहायचा मोह होईल. अर्धंच बरोबर. चतुःसीमेत पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण एवढंच. इथे प्रत्येक बाजूचा कोन आणि लांबी असते : ‘पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पूर्व, १२० पोल, खाडीपर्यंत’. ‘कोन-लांबीची चतुःसीमा’ म्हणा हवं तर. आलेख कागदावर काढून पाहा. शेवटची रेघ सुरुवातीच्या झाडाला येऊन मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर बहुधा नकलनवीसाने एक बाजू गाळलीय किंवा पूर्वेचं पश्चिम केलंय. प्रत्येक बाजूला एकेकदा बदल करून पाहिलं की कुठली ते सापडतं. शेजाऱ्यांची नावं सोडू नका. बायकोचं माहेर पुष्कळदा त्या बांधापलीकडेच असतं.

कोपराखूण :
‘लीज अँड रिलीज’ला ‘भाडेपट्टा’ केलंय. एका दिवशी पाच शिलिंगांवर वर्षभराचा पट्टा, दुसऱ्या दिवशी मोठ्या रकमेचा कागद. दोन व्यवहार धरले.

दप्तरी :
एकच धरा. ते खरेदीखत आहे, दोन कागदांत फोडलेलं. अठराव्या शतकातली ती हस्तांतराची वकिली रीत. पहिल्याचं भाडं ‘मागितल्यास एक मिरी’, म्हणजे काहीच नाही. तो पट्टा वर्षभर कोणी चालवलाच नाही. ‘दुहेरी खरेदीखत’ लिहा. खरी किंमत दुसऱ्या कागदात. आणि त्याच्या मागे-पुढे बायकोची वेगळी जबानी शोधा. तिचा हयातीपुरता एक तृतीयांश हक्क असे, तो तिने खुशीने सोडला का, हे नवऱ्याला बाजूला ठेवून विचारत. तिचं पहिलं नाव कळण्याची ती कधीकधी एकमेव जागा. जबानी नसेल तर तो विधुर असेल, किंवा कारकुनाचा आळस. लगेच निष्कर्ष नको.

कोपराखूण :
एका माणसाकडे जमीन आली कशी ते सापडतं, गेली कशी ते सापडत नाही. याला काही संज्ञा आहे?

साखळीआणे :
संज्ञा नाही, युक्ती आहे. दोन रकाने करा, ‘आली’ आणि ‘गेली’. एकर जुळवा. विक्रीचा कागदच नाही आणि पुढे दुसराच माणूस तीच जमीन विकतोय, तर ती बहुधा वारशाने गेली. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला. हा नियम १७८५ च्या कायद्याने मोडला, अंमल १७८७ पासून. म्हणूनच बापाच्या मृत्युपत्रात थोरल्याचं नाव कधीकधी नसतंच, किंवा ‘एक शिलिंग’ असतो. मराठीत त्याला ‘बेदखल’ लिहितात ते चूक. त्याला आधीच मिळालेलं असू शकतं.

दप्तरी :
आणि मृताच्या मागे होणाऱ्या इन्व्हेंटरीला ‘मालमत्तेची यादी’ म्हणू नका, ‘जंगम मालाची यादी’ म्हणा. शेजारचे तीन-चार जण शपथेवर किमती लावत. जमीन त्यात येतच नाही, म्हणजे यादीत जमीन नाही याचा अर्थ भूमिहीन नव्हे. गुलाम केलेली माणसं मात्र गुरं-भांड्यांच्या ओळीत किमतीसकट येतात. १७०५ च्या कायद्याने वारशापुरतं त्यांना स्थावर ठरवलं होतं, तरीही. तिथे ‘नग’ किंवा ‘नोकर’ असलं काही लिहू नका. नावं आहेत तशी द्या, त्यांच्या वंशजांसाठी तो एकच कागद उरलेला असू शकतो.

मोडीवाचक :
कागद जळालेल्या काउंट्यांबद्दल एक ओळ टाका. जेम्स सिटीसारख्या काउंट्यांची दप्तरं अमेरिकेच्या यादवीत सुरक्षित म्हणून राजधानी रिचमंडला नेली आणि १८६५ च्या एप्रिलच्या आगीत गेली. तिथे काउंटीबाहेरचे कागद धरावे लागतात : सनदा लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत. इंग्लंडमध्ये मालमत्ता असलेल्यांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात शाबीत होत, ती आता लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. त्या नोंदवह्यांत ‘पार्ट्स’ असा शेरा दिसला तर अर्थ ‘भाग’ नव्हे, ‘परमुलखात वारला’.

कोपराखूण :
शेवटचे दोन. मृत्युपत्र १० फेब्रुवारी १७१०, शाबीत ५ एप्रिल १७११. चौदा महिने का लागले? आणि ‘माय नाऊ वाइफ’ला ‘माझी आत्ताची बायको’ केलंय.

दप्तरी :
दोनच महिने लागले. १७५२ पर्यंत त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, फेब्रुवारी १७१० म्हणजे आपल्या हिशेबाने १७११. लिहिताना ‘१७१०/११’ लिहा. ‘७बर’ दिसलं तर सप्टेंबर, जुलै नाही.

‘आत्ताची बायको’ने वाचकाला पहिली बायको शोधायला लावाल. तो वकिली शब्द आहे : पुढेमागे दुसरी केली तर तिने हक्क सांगू नये म्हणून. नुसतं ‘माझी पत्नी’ लिहा, आणि मूळ शब्द अवतरणात ठेवा.