युरोपला द्राक्षं पाठवायचीच कशाला?

निफाडचा बागायतदार
काल 'सह्याद्रीपुत्र' यांनी लिहिलं की युरोपचे रेसिड्यूचे, म्हणजे फळावर उरलेल्या औषधाच्या अंशाचे, नियम म्हणजे गोऱ्यांची नवी जकात आहे आणि आपण तिकडे द्राक्षं पाठवणंच बंद करावं. रात्री दोनदा वाचलं. झोप लागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

साहेब, २०१० साली आमचा माल परत आलाय. एप्रिल छाटणीनंतर शेंडा आवरायला सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट, मारायची आमची जुनी पद्धत. औषधाच्या दुकानात सहज मिळायचं. युरोपात तेव्हा त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. इथून निघताना रिपोर्ट स्वच्छ, तिकडे माल नापास. निर्यातदाराचा फोन आला तेव्हा वडील पॅकहाऊसच्या दारात वजनकाटा पुसत होते. सगळं ऐकून घेतलं, काटा बंद केला आणि पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे, भरणाऱ्या बायांना म्हणाले, "आज लवकर घरी जा." त्या हंगामाचं कर्ज फिटायला चार वर्षं गेली.

तरी सांगतो, नियम वाईट नव्हता. वाईट होतं ते आम्हाला कोणी न सांगणं. तेव्हापासून माझी फवारणीची वही आहे. कधी काय मारलं, काढणीआधी किती दिवस थांबलो, सगळं लिहितो. पाठवणं बंद करा म्हणणाऱ्याने आधी एक हंगाम बाग सांभाळून दाखवावी.

सह्याद्रीपुत्र
तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुमची गोष्ट माझीच बाजू मांडते. तपासणी त्यांची, मर्यादा त्यांची, आणि बुडालो आपण. पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका या देशांची द्राक्षं युरोपशी केलेल्या करारांमुळे बिनशुल्क उतरतात, आपल्यावर आठ टक्के शुल्क. आपल्याशी व्यापार कराराची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, परत सुरू व्हायला २०२२ उजाडलं. एवढी वर्षं कोण कोणाला ताटकळत ठेवतं?

आणि औषधांचं म्हणाल तर पॅराक्वाट हे तणनाशक युरोपात २००७ ला बंद झालं. पण इंग्लंडात हडर्सफिल्डला ते बनतच राहिलं आणि जगभर जात राहिलं. इंग्लंड तेव्हा युरोपीय संघातच होतं. स्वतःच्या शेतात विष, आमच्या शेतात माल?

देवगडकर
बोलणी अडली त्यात मोटारी आणि दारूवरचं आपलं आयातशुल्कही होतं, ते सोयीस्कर विसरलात.

माझा विषय आंबा. १ मे २०१४ पासून युरोपने हापूस बंद केला, सोबत वांगी, कारली, पडवळ, अळू. ऐन हंगामात. माझ्या पेट्या वाशीला पडेल भावात गेल्या. शिव्या मीही घातल्या. पण आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशी वगैरे कीड निघाली होती, हे खोटं होतं का? माझ्याच आंब्यात अळी निघालेली मी पाहिली आहे, पाहुण्याच्या ताटात. मग ४८ अंशांच्या पाण्यात तासभर आंबा बुडवायची सोय झाली आणि २०१५ ला दार उघडलं. हे आधी करायला आपल्याला कोणी अडवलं होतं?

भोसरी नटबोल्ट
फळांचं ठीक आहे, कीड दिसते तरी. माझ्या बोल्टमध्ये काय दिसतं? ऑक्टोबर २०२३ पासून युरोपात जाणाऱ्या पोलादी मालाचा कार्बनचा हिशोब मागतात, १ जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसे. मी तार विकत घेतो, ती कुठल्या भट्टीतली, तिथे किती कोळसा जळला, मला कोण सांगणार? गिरणीवाला फोन उचलत नाही. खर्च तिकडच्या आयातदाराचा म्हणतात, पण तो माझ्याच दरातून कापतो. दीडशे वर्षं धूर त्यांनी काढला.

सह्याद्रीपुत्र
हेच तर मी म्हणतोय!

वऱ्हाडी कापूस
तुम्ही सगळे माल परत आला म्हणून रडून राहिले. २०१७ ला यवतमाळात फवारता फवारता वीसच्या वर माणसं गेली. आमच्या गावचा एक जण तीन दिवस डोळ्याले दिसत नाही म्हणत होता. बायको त्याले हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. युरोपात त्याच्या अंगावर असं औषध पडू दिलं असतं का? तिकडच्या रॉटरडॅमच्या पोराच्या तोंडातल्या द्राक्षाच्या मण्याची मोजदाद होते. फवारणाऱ्याच्या फुप्फुसाची कोण करते?

डेल्फ्टवासी
इथे नेदरलँड्समध्ये राहतो म्हणून सांगतो, यावर इकडेही भांडण आहे. स्वतःकडे बंदी असलेल्या कीटकनाशकांची निर्यात थांबवायचा कायदा फ्रान्सने २०२२ पासून लागू केला. पळवाटा राहिल्या, पण सुरुवात झाली.

वऱ्हाडी कापूस
तिकडे बसून सुरुवात मोजू नका, भाऊ.

डेल्फ्टवासी
माझे वडील परभणीचे शेतकरी. पाठीवर पंप घेऊन मीही फवारलं आहे. मला शिकवू नका.

निफाडचा बागायतदार
दोघंही थांबा. सीसीसी युरोपाने पाठवलं म्हणून मी मारलं नव्हतं. शेजारी मारत होता म्हणून मारलं. दुकानदार सांगेल ते औषध आणि चार औषधं एका टाकीत, ही सवय आपली आहे. आणि निर्यातीचा प्लॉट तपासून काढायचा, गावच्या बाजारात जाणारा तसाच सोडायचा, हे तर मी स्वतः केलंय. माझी मुलगी गावच्या बाजारातलीच द्राक्षं खाते. २०१२ पासून दोन्ही प्लॉटला एकच वही.

वऱ्हाडी कापूस
वहीत फवारणाऱ्याचं नाव हाये का?

निफाडचा बागायतदार
नाही.

सह्याद्रीपुत्र
पाठवणं बंद करा हे मी रागात लिहिलं, मागे घेतो. आठ टक्क्यांचं आणि पॅराक्वाटचं मागे घेत नाही.

देवगडकर
ते घेऊच नका. आंब्याच्या माशीचं मान्य केलंत तर पुरे.

सह्याद्रीपुत्र
माशी होती. बंदी ऐन मे महिन्यात घालायची गरज नव्हती.

निफाडचा बागायतदार
ऑक्टोबर छाटणीची नवी वही आज आखली. एक रकाना वाढवलाय: फवारलं कोणी, किती तास, हातमोजे होते का.

वऱ्हाडी कापूस
हातमोजे तुम्ही आणून द्या. त्याच्या मजुरीतून कापू नका.