कोरीडोरस पाळायचे आहेत: वाळू, विहिरीचे पाणी आणि मे महिन्यातील उष्मा

खाडीकाठ (मालवण) यांचा प्रश्न:

नमस्कार. माझ्याकडे तीन फुटी काचेची टाकी असून तिच्यात साधारण 110 लिटर पाणी राहते. सध्या तिच्यात गप्पी आणि हार्लेक्विन रासबोरा आहेत. तळाशी वावरणारे, इतर माशांना त्रास न देणारे कोरीडोरस आणावेत अशी इच्छा आहे. विक्रेत्याच्या मते दोन पुरेत, ते उरलेले अन्न खाऊन तळ स्वच्छ ठेवतात आणि त्यांना वेगळे खाद्य लागत नाही. तळाला सध्या खडी आहे, ती काढून किनाऱ्यावरची वाळू स्वच्छ धुऊन घालण्याचा विचार आहे. पाणी घरच्या विहिरीचे आहे. यंदा मे महिन्यात टाकीतील पाण्याचे तापमान दुपारी 31 अंशांपर्यंत गेले होते, त्याची काळजी वाटते. शिवाय मुलाने चढणीच्या माशांबरोबर दोन शिंगट्या पकडून आणल्या आहेत. त्या याच टाकीत सोडता येतील का?

जांभ्याची विहीर (राजापूर):

खडी काढण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे, किनाऱ्यावरची वाळू मात्र घालू नका. आपल्याकडच्या किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुऊन जाईल, पण हा चुरा पाण्यात हळूहळू विरघळत राहतो आणि पाण्याचा जडपणा व सामू (pH) वाढवत नेतो. कोणतीही वाळू घेतली तरी आधी मूठभर वाळूवर व्हिनेगर ओतून पाहा. बुडबुडे फसफसून आले तर तिच्यात चुना आहे असे समजावे. खाडीच्या भरतीचे पाणी जिथवर पोहोचत नाही अशा वरच्या भागातील नदीची गोल कणांची बारीक वाळू, किंवा दुकानात मिळणारी टाकीसाठीची वाळू, बादलीतील पाणी नितळ दिसेपर्यंत धुऊन वापरावी. दोन इंचांपेक्षा जाड थर देण्याची गरज नाही.

वाळूवर मी एवढा भर देतो, कारण या माशाचे सारे जगणेच तिच्यावर अवलंबून आहे. तो तोंड वाळूत खुपसतो, मिशांनी चाचपून खाण्याजोगे कण वेचतो आणि तोंडात आलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. हे जवळून पाहिले की खडीवर त्याची किती अडचण होत असेल ते लगेच कळते. धारदार खडी आणि तिच्या फटींत कुजणारे अन्न यांमुळे मिशांना इजा होते, त्या झिजत जातात आणि माशाला अन्न शोधणे जड जाते.

जांभ्यातील विहिरीचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. ते कोरीडोरस आणि रासबोरा यांना मानवते, गप्पींना मात्र थोडे जड पाणी अधिक सोसते. तेव्हा मासे आणण्याआधी सामू आणि जडपणा मोजून घ्या. विहीर खाडीलगत असेल, तर उन्हाळ्याअखेरीस तिचे पाणी मचूळ होते का, हेही पाहावे लागेल. कोरीडोरसच्या टाकीत मीठ टाकण्याची सवय नको. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, त्यामुळे नुसती भर घालत राहिल्यास त्याचे प्रमाण वाढतच जाते.

आगोट (दापोली):

शिंगट्यांविषयी एवढेच सांगतो की त्या टाकीत सोडू नयेत. रात्री फिरणारा तो शिकारी मासा आहे आणि तोंडात मावणारी गप्पी तो गिळतो. मुलाला बरोबर घेऊन, जिथून पकडल्या त्याच पाण्यात त्या परत सोडून याव्यात. दुकानात सकर फिश पुढे केला तर तोही नाकारा. बोटाएवढा दिसणारा तो मासा फूटभराहून मोठा होतो, आणि टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत किंवा तळ्यात सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात हा परका मासा पसरला आहे. आपल्या नद्यांवर ती वेळ येऊ नये.

माडबन (रत्नागिरी):

उष्म्याचा विचार जात निवडतानाच करावा लागतो, कारण कोरीडोरस म्हणून विकले जाणारे सगळे मासे एकाच हवामानातले नसतात. हे सारे दक्षिण अमेरिकेतले असले, तरी ठिपकेदार पॅलिएटस हा ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातला, थंड पाण्याचा मासा आहे. पांडा नावाचा कोरीडोरसही गार पाण्यातच सुखी असतो. याउलट ब्राझील आणि बोलिव्हियाच्या सीमेवरील ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातला स्टर्बाय 28 अंशांपर्यंतचे पाणी चांगले सोसतो, म्हणून माझी पहिली पसंती त्यालाच. तो न मिळाल्यास कांस्य रंगाचा एनियस घ्यावा, मात्र उन्हाळ्यात त्याची अधिक काळजी घ्यावी. 2024 साली या गटाची नव्याने विभागणी झाली असून एनियस आता ऑस्टिओगॅस्टर आणि स्टर्बाय हॉप्लिसोमा या प्रजातीत गणला जातो, तेव्हा नवी नावे वाचून गोंधळू नये.

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 25 अंशांना एका लिटरात सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना सुमारे 7.6. उन्हाळ्यात एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा आणि पावसाळ्यात वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एक पंप घरात असू द्या. पृष्ठभागावर पंखा लावल्याने पाणी निवते खरे, पण आपल्या दमट हवेत बाष्पीभवन मंद असल्याने घाटावर पडतो तेवढा फरक इथे पडत नाही. टाकी पश्चिमेच्या उन्हापासून दूर, घरातल्या गार कोपऱ्यात हलवणे हाच उत्तम उपाय आहे.

दोन मासे आणू नका, निदान सहा आणा आणि तेही एकाच जातीचे. एकटेदुकटे असले की ते झाडांमागे दबून बसतात, थव्यात असले की दिवसाढवळ्या तळभर हिंडतात.

खाडीकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. किनाऱ्यावरच्या वाळूवर व्हिनेगर ओतून पाहिले, तर लगेच फेस आला, त्यामुळे तो बेत सोडला आहे. आज दुकानात एनियस पाहिले. त्यांतील एक मासा झपकन वर जाऊन तोंडाने हवा घेत होता आणि पुन्हा तळाशी येत होता. तो आजारी असेल का?

माडबन:

अधूनमधून तसे करणे स्वाभाविक आहे. कोरीडोरस हवा गिळतो आणि आतड्याच्या मागच्या भागातून तिच्यातील प्राणवायू शोषून घेतो, म्हणूनच पाणी आणि झाकण यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. सगळे मासे वारंवार वर धावत असतील, तर मात्र त्या टाकीतले पाणी बिघडलेले असण्याची शक्यता आहे आणि तिथून मासे घेऊ नयेत. निवडताना मिशा पूर्ण आहेत ना आणि पोट आत गेलेले नाही ना, एवढे नीट पाहा. त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून दुकानदाराला शक्य असल्यास मासे भांड्याने काढायला सांगा. घरी आणल्यावर रात्री दिवा मालवल्यानंतर बुडणाऱ्या गोळ्या टाका. वरच्या माशांनी खाऊन उरलेल्यावर त्यांचे पोट भरत नाही.